वाघाची वाट आणि राज्यांच्या सीमा

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ २०१९ साली नव्या हद्दीच्या शोधार्थ बाहेर पडला. गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याच्या प्रवासाची नोंद होत राहिली. तेलंगणातील आदिलाबाद आणि मराठवाड्याचा काही भाग तुडवीत, ३,००० किलोमीटरांहून अधिक चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. राज्यांच्या सीमा त्याच्या गावीही नव्हत्या. आमच्या योजना मात्र त्या सीमांपाशीच अडखळतात.

१ एप्रिल १९७३ रोजी ९ क्षेत्रांत आरंभिलेल्या व्याघ्रप्रकल्पाचे यश निर्विवाद आहे. २०२२ च्या गणनेनुसार देशात सुमारे ३,६८२ वाघ आहेत. महाराष्ट्रातील संख्या २०१८ मधील ३१२ वरून ४४४ वर गेली. परंतु त्याच गणनेत शेजारच्या तेलंगणात २१ आणि छत्तीसगडात अवघे १७ वाघ आढळले. एकीकडे चंद्रपूरच्या अरण्यात नव्या वाघाला जागा उरलेली नाही व मोहफुले वेचावयास गेलेली माणसे प्राणास मुकत आहेत. दुसरीकडे शेजारची वने वाघांवाचून ओस आहेत. या दोहोंना जोडणारे भ्रमणमार्ग शाबूत राहिले, तरच हा समतोल साधेल.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. व्याघ्रक्षेत्रांना जोडणाऱ्या प्रदेशांचा विचार योजनेत व्हावा, असेही त्या कायद्यास अभिप्रेत आहे. पण योजना करावयाची ती प्रत्येक राज्याने, आपापल्या क्षेत्रापुरती. परिणामी भ्रमणमार्गाचा प्रश्न दिल्लीपुढे येतो तो बहुधा एखादा रस्ता वा खाण मंजुरीस आली म्हणजे. सीमेवरील वनाधिकाऱ्यांच्या बैठका होतात, हे खरे. परंतु बैठक म्हणजे योजना नव्हे.

आधी विचार केला तर मार्ग निघतो, हे पेंचजवळील राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दाखविले आहे. तेथे वन्य प्राण्यांसाठी बांधलेल्या ९ भुयारी मार्ग व पुलांखालून वाघ ये-जा करीत असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले. उलट, माणसांना वगळून केलेला विचार टिकत नाही. ताडोबा व कवल यांना जोडणारे कुमरम भीम संवर्धन राखीव क्षेत्र तेलंगण सरकारने मे २०२५ मध्ये घोषित केले आणि आदिवासींच्या विरोधामुळे जुलैत तो आदेश स्थगित करावा लागला. ज्यांच्या शेतातून वाघ जावयाचा, त्यांना शेवटी कळवावयाचे, ही पद्धत न्याय्यही नाही आणि शहाणपणाचीही नाही.

म्हणून आमची सूचना स्पष्ट आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगण या राज्यांचे, प्राधिकरणाच्या अध्यक्षतेखाली, एक स्थायी मंडळ असावे. त्याने प्रथम वाघाच्या संचाराचा एक नकाशा निश्चित करावा व राज्यांच्या योजना त्यावर बेतल्या जाव्यात. रस्ते आणि खाणी यांची आखणी होण्यापूर्वी तो नकाशा पाहिला जावा. नुकसानभरपाई सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखी व वेळेवर मिळावी, आणि ग्रामसभांचे मत आरंभीच घेतले जावे. यास खर्च फारसा नाही. प्रत्येक राज्यास आपल्या अधिकाराचा थोडा अभिमान मात्र सोडावा लागेल. तेवढे औदार्य राज्यकर्त्यांनी दाखविले नाही, तर वाढलेल्या वाघांची किंमत सीमेवरील खेडुतांनाच मोजावी लागेल.