वाळ्याला मारू नये

पाऊस पडला की न्हाणीत, कुंडीखाली, उकिरड्याजवळ एक काळा बारीक जीव वळवळताना दिसतो. कुणी म्हणतं गांडूळ, कुणी म्हणतं नागाचं पिल्लू. मग चप्पल घेऊन त्याला ठेचतात. माझे मत असे आहे की त्याला मारू नये. तो वाळा आहे.

वाळा हा साप आहे, पण बिनविषारी. लांबी एका वितीपेक्षा कमी, जाडी बुटाच्या नाडीएवढी. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात. तो बारीक जीभही बाहेर काढतो. त्याचे डोळे म्हणजे खवल्याखाली दोन काळे ठिपके. त्याला उजेड अन् अंधार एवढेच कळते. आमच्या धर्माबादेत तेलुगू बोलणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या भाषेत तो गुड्डी पामु, म्हणजे आंधळा साप.

जमिनीत राहणाऱ्याला मोठे डोळे कशाला पाहिजेत? तो वास घेत मुंग्यांच्या अन् वाळवीच्या घरात शिरतो आणि त्यांची अंडी व अळ्या खातो. वाळवी आपल्या दाराची चौकट खाते. मग वाळवी खाणाऱ्यालाच मारायचे, हा कुठला न्याय?

आणखी एक नवल आहे. या जातीत नर सापडतच नाही. सगळ्या माद्या! मादी एकटीच अंडी घालते व पिल्ले निघतात. म्हणून कुंडीच्या मातीतून एकच वाळा परदेशी गेला तरी त्याचा वंश वाढतो. असा तो अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला आहे.

काही लोक म्हणतात, तो झोपेत कानात शिरतो. आपल्या कानात काय मुंग्यांची अंडी आहेत? बिळात पाणी भरते म्हणून बिचारा वर येतो. कुणी म्हणतात त्याला दोन तोंडे आहेत. तेही खरे नाही. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला आखूड शेपूट. शेपटीला बारीक काटा असतो. धरले तर तो टोचतो, पण त्यात विष नसते. तोंड तर इतके लहान की माणसाला चावताच येत नाही.

आई म्हणते, "साप तो सापच. ओळखत बसायला येळ कुठंय?" तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मण्यारीचे पिल्लूही काळे अन् बारीक असते, अंगावर पांढरे पट्टे असतात, आणि ते विषारी असते. म्हणून ओळख पटली नाही तर हात लावू नये. लांब उभे राहून मोठ्यांना सांगावे. कुणाला साप चावलाच तर सरळ दवाखान्यात न्यावे. पण वाळा आहे हे कळल्यावर चप्पल कशाला? खराट्याने सुपलीत घ्यावा अन् परसातल्या ओल्या मातीत सोडावा.

पालकांनो, तुम्ही मारता ते बघून आम्ही पोरंपण मारतो. तुम्ही सोडून दिला तर आम्हीही सोडून देऊ.

— इयत्ता चौथी