स्वस्त गोल्फची लांबची वाट

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींचे प्रवासाचे बेत ऐकले की एक गोष्ट हटकून जाणवते : त्यांत थांबे पुष्कळ असतात, मुक्काम नसतो. नायगारा 'झालेला' असतो, यलोस्टोन 'करायचे' असते. हे क्रियापद बहुधा चारधामाच्या सहलींतून आले असावे. पण यात्रेकरू निदान देवापुढे घटकाभर टेकतो तरी. अशा वातावरणात न्यू जर्सीतील आमच्या एका वर्गमित्राने दोन महिन्यांची रजा काढून, मोटारीने देश ओलांडत, वाटेतल्या स्वस्त सार्वजनिक गोल्फ मैदानांवर थांबत जाण्याचे ठरवले, तेव्हा आमच्या अध्यापककक्षात नाके मुरडली गेली. गोल्फ, आणि तोही स्वस्त? आम्हांला मात्र हा बेत नेहमीच्या सर्व याद्यांहून शहाणा वाटतो.

नाके मुरडण्याला कारण आहे. आपल्याकडे गोल्फ म्हणजे छावणी, बडे अधिकारी, सभासदत्व आणि कुंपण. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला तेव्हापासून हे चित्र फारसे पालटलेले नाही. या खेळाच्या माहेरी मात्र वेगळी रीत आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान ही सार्वजनिक जमीन आहे. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्र्यांना घेऊन फिरतात. अमेरिकेत ही परंपरा १८९५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पोचली. तेथील व्हॅन कोर्टलँड पार्कमधले मैदान हे त्या देशातील पहिले सार्वजनिक मैदान, आणि तेथे आजही भुयारी रेल्वेने जाता येते. मित्राचा प्रवास येथूनच सुरू व्हावा, असा आमचा आग्रह आहे.

पुढचा मुक्काम लाँग आयलंडवरील बेथपेज. १९३०च्या दशकातील मंदीत बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी सरकारने जी बांधकामे काढली, त्यांतून हे राज्य-उद्यान उभे राहिले. येथे पाच मैदाने असून त्यांची नावे रंगांवरून आहेत. त्यांपैकी काळ्यावर २००२ आणि २००९ची यूएस ओपन झाली. ते अतिशय कठीण असल्याची पाटीच तेथे लावलेली आहे. राज्याच्या रहिवाशांना दर बराच कमी पडतो, बाहेरच्यांना तो जड जातो. न्यू जर्सीचा माणूस येथे बाहेरचाच. तेव्हा त्याने काळ्याचा मोह सोडून पिवळे किंवा हिरवे धरावे. स्वस्ताईची बाकीची युक्ती साधी आहे : शनिवार-रविवार टाळावा, उतरत्या उन्हाचा सवलतीचा दर घ्यावा, गाडी भाड्याने न घेता पायी चालावे, अठराऐवजी नऊ होलांवर समाधान मानावे. पायी चालणाऱ्याला गवताखालची जमीनही कळते.

ती जमीन कोणाची, हा खरा प्रश्न आहे. महापालिकेचे म्हणजे सर्वांचे, असे आपण सहज म्हणतो. अटलांटात १९५१ साली होम्स कुटुंबातील कृष्णवर्णीय वडील आणि मुलांना शहराच्याच मैदानावरून परत पाठवण्यात आले. ते न्यायालयात गेले आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जिंकले. ऑस्टिनच्या लायन्स मैदानावर १९५०-५१च्या सुमारास दोन कृष्णवर्णीय मुले सरळ खेळायला उतरली आणि शहराने त्यांना हटकायचे नाही असे ठरवले. कोर्ट नाही, मोर्चा नाही! दक्षिणेत फार आधी खुल्या झालेल्या मैदानांत त्याची गणना होते. आपल्या पाणवठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हांला हे दोन्ही मुक्काम वगळणे शक्यच नाही. मग त्यासाठी दक्षिणेचा मोठा वळसा पडला तरी पडो.

टेक्सासहून उत्तरेला वळून नेब्रास्कात गोथेनबर्ग गाठावे. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, शेजारून आंतरराज्य महामार्ग ८० जातो. येथील वाइल्ड हॉर्स हे १९९९चे मैदान सर्वांना खुले आहे. ज्यांनी ते आखले त्यांनी आधी राज्यातल्याच, सभासदांपुरत्या राखलेल्या सँड हिल्सवर काम केले होते. महामार्गावरून ताशी सव्वाशे किलोमीटरने जाणाऱ्याला गोथेनबर्ग म्हणजे एक फाटा. चार तास येथल्या वाऱ्यात अनोळखी शेतकऱ्यांबरोबर चालणाऱ्याला ते गाव असते. एकट्यादुकट्याला इतरांच्या चौकडीत सामावून घेण्याची पद्धत सार्वजनिक मैदानांवर आहेच. संभाषणाला याहून सोपे निमित्त कोणते? आमच्या मते या बेताचे खरे मोल येथे आहे.

शेवट सॅन फ्रान्सिस्कोत, लिंकन पार्कला. शहराच्या मालकीचे मैदान, आणि काही होलांवरून दिसणारा गोल्डन गेट पूल. ही पूर्वी शहराची दफनभूमी होती. गरीब आणि स्थलांतरित येथे पुरले जात. दफनभूमी मोडली, पण बरीच प्रेते हलवली गेली नाहीत. १९९०च्या दशकात लगतच्या संग्रहालयाच्या कामात शेकडो सांगाडे निघाले. चिनी दफनविधीचे एक दगडी बांधकाम हिरवळीच्या मध्यात अजून उभे आहे. मित्राने त्याचे छायाचित्र आम्हांला पाठवावे. पुलाची पुष्कळ आहेत.