वकिलापासून दडवू नये
चिखल्याच्या वारली मजुरास अटक झाली, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्याच वेळी त्याला वकिलाचा, आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाचा, हक्क समजावून सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाब खटल्यात बजावले. न सांगणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यास खातेनिहाय कारवाईची तंबीही दिली. अनुसूचित जमातींना तर १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अटही नाही.

परंतु वारलीतून बोलणारा आरोपी आणि घाईत कागद चाळणारा वकील यांची पहिली भेट पुष्कळदा न्यायालयाच्या व्हरांड्यातच होते! आरोपी पोलिसांपुढे भडाभडा बोललेला असतो, वकिलापासून मात्र दडवतो. वस्तुतः पोलिसांपुढील कबुली त्याच्याविरुद्ध सामान्यतः पुरावा ठरत नाही, आणि झाल्या गोष्टीविषयी वकिलास विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून उघड होत नाही. हे त्याच्या भाषेत त्याला सांगणार कोण? गावच्या शाळामास्तराखेरीज आणि पंचायतीच्या कारकुनाखेरीज दुसरे कोणी आम्हांस दिसत नाही.