३६ चौकोनांचा भाव काय?

आपल्या दिग्रसात मुलीनं क्रोशाची सुई हातात घेतली की तो 'टाइमपास'. हत्ती-सशांचं दुपटं विणलं की लगेच फर्माईश, "आमच्याही नातवाला एक विणून दे नं!" पैशाचा विषयच नाही.

आता हिशेब करू. ग्रॅनी स्क्वेअर म्हणजे साखळ्या आणि खांब घालत मधून बाहेर वाढवलेला चौकोन. १५ सेंटिमीटरचे ३६ चौकोन जोडले की ९० बाय ९०चं दुपटं होतं. सशाचे कान, हत्तीची सोंड धरून चौकोनाला एक तास लागला, तर ३६ तास. तासाचे फक्त ५० रुपये लावले तरी १,८०० रुपये. सूत अन् जोडणी वेगळी. (डोळ्यांना बटणं नको हं, बाळ तोंडात घालतं. डोळे धाग्यानंच भरा.)

स्वेटर मशीनवर निघतो, पण खरं क्रोशाकाम आजही हातानंच होतं. मग तीन-चारशे रुपयांत असं दुपटं दिसलं, तर कुणाची मजुरी कापली गेली? कापसाला भाव नाही म्हणून आपण चौकाचौकात बोलतो. त्याच कापसाचं सूत घेऊन घरातली बाई तासन्‌तास विणते, तेव्हा मात्र सगळे गप्प! मैत्रिणींनो, ऑर्डर घेताना निदान सुताचे पैसे तरी आधी मागा.