लाकूड टिकते ते वळचणीने, रंगाने नव्हे

गेल्या काही वर्षांत आपल्या ग्रामीण भागात घरबांधणीची एक नवी हौस दिसू लागली आहे. शेतावर पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधणारा शेतकरी असो, की शहरातील नोकरी संपवून गावी परतलेला गृहस्थ असो, आपल्या घराचा दर्शनी भाग लाकडी फळ्यांनी मढवावा असे त्याच्या मनात येते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून ह्या हौसेस व्यवसायाचीही जोड मिळाली आहे. ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. लाकडाचा छाप मारलेले प्लास्टिक भिंतीस चिकटविण्यापेक्षा आपल्या बांधावरचे खरे लाकूड वापरणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु ज्या रीतीने हे काम आज होत आहे ती रीत पाहता, पुष्कळांचा पैसा आणि त्याहून मोलाचे असे वाडवडिलांनी लावलेले वृक्ष, दोन्ही वाया जाण्याची भीती वाटते.

घाटमाथ्यालगतच्या एका गावी फिरतीवर असताना घडलेला प्रसंग सांगतो. तेथील एका शेतकऱ्याने बांधावरचे दोन जुने फणस तोडून त्यांच्या फळ्या काढल्या आणि कर्ज काढून बांधलेल्या दोन खोल्यांच्या पश्चिमेकडील भिंती त्या फळ्यांनी मढविल्या. फळ्या थेट जोत्याच्या फरशीला टेकविल्या होत्या, वर चकचकीत व्हार्निशचे तीन हात दिले होते, आणि छपराची वळचण जेमतेम वीतभर होती. दुसरा पावसाळा सरला तेव्हा व्हार्निशचे पापुद्रे सुटले होते आणि फळ्यांच्या खालच्या टोकांत बोट रुतत होते. त्याच अंगणात त्याच्या आजोबांनी बांधलेले घर उभे होते. त्याचे खांब, दारे आणि तक्तपोशी त्याच बांधावरच्या फणसाची, आणि तरीही शाबूत. "साहेब, झाड त्याच बांधावरचं, सुतारही त्याच घराण्यातला, मग आमचंच कुठं चुकलं?" असा प्रश्न त्याने केला. कर्जाचे हप्ते अजून चालू होते आणि तोडलेले फणस तर परत उभे राहणार नव्हते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

उत्तर थोडक्यात असे की, आजोबांनी घर बांधताना पावसाचा विचार केला होता आणि नातवाने केवळ शोभेचा केला. लाकूड हे दगडासारखे निर्जीव समजून चालत नाही. ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते. लाकडाला कुजविणाऱ्या बुरशीस वाढण्यासाठी पाणी लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिला तर ही बुरशी वाढू शकत नाही, आणि तो दीर्घकाळ ३० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहिला तर साधे लाकूड फार काळ तग धरीत नाही. लाकूड भिजणे ही आपत्ती नव्हे. भिजल्यावर ते वाळू न शकणे ही आपत्ती होय.

ह्याचा पुरावा फार लांब शोधावयास नको. कार्ले येथील मोठ्या चैत्यगृहाच्या छतास सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेल्या लाकडी कमानी आजही तेथे पाहावयास मिळतात. मावळातला पाऊस किती कडक असतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण तो त्या कमानींपर्यंत पोचत नाही, एवढेच त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य. कोणी म्हणेल, लेण्यातील लाकडाचे काय कौतुक? त्याने नॉर्वे देशातील बोर्गुंड येथील लाकडी चर्चकडे पाहावे. ते बाराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे असून उघड्या हवेत, बर्फात व पावसात उभे आहे. त्या देशातील त्याआधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत, आणि ते कुजून गेले. पुढे बांधणाऱ्यांनी खांब दगडी पायावरील आडव्या तुळयांवर उभे केले, वर उतरती छपरे घातली आणि लाकडास वेळोवेळी डांबर लावण्याची शिस्त पाळली. डांबराचा उपयोग झाला, पण तो पाया व छप्पर ह्यांच्यानंतरचा.

आपल्याकडील जुन्या घरांतही हेच शहाणपण होते. उंच दगडी जोते, खांबाखाली दगडी तळखडा, भोवती पडवी आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी रुंद वळचण, ही सर्व लाकडाच्या संरक्षणाचीच साधने होती. कोकणात पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूस झावळ्यांचे झाप बांधण्याची चाल आहे. भिंतीवर घातलेले आवरण म्हणजे काय, हे त्या झापांनी फार चांगले सांगितले आहे. पावसाचा मार आपण सोसावयाचा, भिंत कोरडी ठेवावयाची, आणि आपण झिजलो की बदलले जावयाचे. लाकडी फळ्यांचे आवरणही ह्याच न्यायाने लावले पाहिजे.

तेव्हा ज्यास बाहेरून फळ्या लावावयाच्या असतील त्याने सुताराकडे जाण्यापूर्वी घराच्या आराखड्याकडे पाहावे. आपल्याकडे पावसाची झड मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येते. म्हणून कोकणात व घाटमाथ्यावर पश्चिम व दक्षिण अंगांस उघड्या फळ्या लावूच नयेत; लावावयाच्या तर पुढे पडवी काढून तिच्या आत लावाव्यात. अन्य बाजूंसही वळचण तीन फुटांहून कमी नसावी. फळीचे खालचे टोक जमिनीपासून निदान दीड फूट वर असावे, म्हणजे जमिनीवर आपटून उडणारे पाणी तेथवर सहसा पोचणार नाही आणि वाळवीने जोत्यावरून मातीच्या नळ्या चढविल्या तर त्या वेळीच दृष्टीस पडतील. फळी भिंतीस चिकटवून ठोकू नये. आधी उभ्या रिपा ठोकून त्यांवर फळ्या बसवाव्यात, म्हणजे मागे सुमारे एक इंच पोकळी राहते. ती पोकळी खाली व वर उघडी ठेवून तोंडाशी बारीक जाळी लावावी. आत शिरलेले पाणी खाली उतरते, वारा वर चढतो आणि फळी दोन्ही अंगांनी वाळते. आमच्या मते ह्या एका इंचाचे मोल व्हार्निशच्या दहा डब्यांहून अधिक आहे.

आता लाकडाच्या निवडीविषयी. "साग आहे, काळजी नको," असे आपण सहज म्हणतो. परंतु सगळाच साग सारखा नसतो. टिकतो तो सागाचा जून गाभा. खोडाच्या कडेचे पांढुरके लाकूड, मग ते सागाचे असले तरी, वाळवी व बुरशी ह्यांस बळी पडते. पंधरावीस वर्षांच्या लागवडीच्या सागात हा पांढुरका भाग पुष्कळ असतो. म्हणून फळ्या निवडताना जातीबरोबर गाभाही पाहावा, आणि पांढुरका भाग बाहेरच्या कामासाठी घेऊ नये. फणस व ऐन ह्यांच्या जून गाभ्याचा उपयोग आडोशाच्या जागी चांगला होतो. आंब्याचे लाकूड मात्र उघड्यावर लावू नये. ते घरातील कामासाठीच ठेवावे.

लाकूड वाळविण्याच्या कामी आपण फार अधीर झालो आहोत. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत, ते कोणत्या अंगाने कापले आहे त्यानुसार, रुंदीत सुमारे अडीच ते सहा टक्के आकसते. सहा इंचांची ओली फळी भिंतीवर ठोकली तर ती तेथेच आकसणार, वाकणार आणि खिळ्यापाशी फाटणार हे उघड आहे. झाड हिवाळ्यात तोडावे, लगेच फळ्या कापाव्यात, आणि हवेशीर सावलीत जमिनीपासून दीड फूट उंचीवर रचाव्यात. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकीवर एक येतील अशा ठेवाव्यात, टोकांस मेण वा डांबर लावावे आणि वर दगडांचे वजन ठेवावे. उन्हात टाकलेली फळी लवकर वाळते खरी, पण फाटते. फळी वाळली की नाही हे जाणण्यास यंत्राची आवश्यकता नाही. एक नमुन्याची फळी दर आठवड्यास तोलून वजन लिहून ठेवावे. उन्हाळ्यात लागोपाठ तीनचार आठवडे वजन उतरले नाही म्हणजे फळी त्या हवेपुरती वाळली असे समजावे. बैलगाडीसाठी बाभळीचे लाकूड महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवणारे आपले वडीलधारे वेडे नव्हते. त्यायोगे किड्यास आवडणारा लाकडातील पिठूळ अंश कमी होतो. त्यांच्यापाशी आजची साधने नव्हती, धीर होता.

शेवटचा विषय तेल व रंग ह्यांचा, जो लोक सर्वांत प्रथम विचारतात. चकचकीत व्हार्निश लाकडावर एक पातळ कवच धरते. उन्हाने व लाकडाच्या हालचालीने त्यास तडे जातात, तड्यांतून पाणी आत जाते आणि कवचामुळे ते लवकर बाहेर पडत नाही. लाखेचे चपडा पॉलिश घरात शोभते, पण पाण्याने पांढरे पडते. बाहेरच्या कामास लाकडात मुरणारे तेल बरे. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे उकळलेले तेल टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून पहिला हात द्यावा, तो सुकल्यावर दुसरा द्यावा आणि न मुरलेले तेल पुसून काढावे. दमट हवेत ह्या तेलावर काळी बुरशी धरते, हा त्याचा दोष होय. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. ते कीड दूर ठेवते, परंतु त्याने कातडी भाजते, म्हणून हातमोज्यांवाचून त्यास स्पर्श करू नये. आणखी एक इशारा देणे अगत्याचे आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकल्यास आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. किडीसाठी टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांचे द्रावण उपयोगी आहे. परंतु ते पावसाने धुऊन जाते, म्हणून आडोशातील लाकडासच द्यावे.

तेलाचा हात वर्षा दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. ज्यास हे होणार नसेल त्याने लाकूड तसेच सोडावे. उन्हाने ते करडे पडेल, पण हा बदल वरवरचा असतो. आराखडा नीट असेल तर करडे लाकूड कुजलेले लाकूड नव्हे. आणि ज्यास वळचण काढणे परवडत नाही, त्याने बाहेर चुन्याचा गिलावा करावा आणि लाकूड आत, तक्तपोशीस व दारांस वापरावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, वृक्ष वाचविण्याच्या काळात आपण लाकूड वापरण्याचा उपदेश का करता? आमचा उपदेश वने तोडण्याचा नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, आंबा, फणस, ऐन, जांभूळ इत्यादी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या शेतातील असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तेव्हा तोडीपूर्वी वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. आणि झाड तोडण्यापूर्वी गावात पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांकडे पाहावे. त्यांच्या तुळया व कडीपाट आज कवडीमोलाने विकले जातात. कित्येक दशके वाळलेले ते जून लाकूड खिळे काढून पुन्हा कापले तर त्याच्यासारख्या फळ्या नव्या लाकडात क्वचितच मिळतील. जो झाड तोडील त्याने त्याच बांधावर नवी रोपे लावावीत, हे तर सांगणेच नको.

आरंभी ज्या शेतकऱ्याचा उल्लेख केला त्याने पुढे कुजलेली टोके कापून टाकली, उरलेल्या फळ्या वाळवून खोल्यांच्या आत तक्तपोशीस बसविल्या आणि पश्चिमेस पडवी काढली. त्याचा खर्च दुप्पट झाला. इतरांचा तसा होऊ नये. पन्नास वर्षे वाढलेल्या झाडाने निदान पन्नास वर्षे घरात उभे राहावे, एवढी अपेक्षा धरणे वावगे नाही. त्यासाठी व्हार्निश निवडण्यापूर्वी छपराच्या कडेपासून पागोळी कोठे पडते ते एकदा पावसात उभे राहून पाहावे. घर कोठे चुकले आणि कोठे साधले, हे तिच्याइतके नेमके कोणी सांगणार नाही.