आजीला कोणी विचारलं?

नातीने 'द फेअरवेल' हा २०१९ चा सिनेमा लावून दिला. चीनमधल्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग, पण घरचे तिला सांगत नाहीत. नातवाच्या लग्नाचं निमित्त काढून सगळे तिला भेटायला जमतात. खूप हसले. मग हसू येईना.

मैत्रिणींनो, आपल्याकडे वेगळं काय चालतं? सासूबाईंना अहमदपूरहून लातूरला नेलं, डॉक्टर यांना बाजूला घेऊन बोलले. आम्ही म्हटलं, "गॅस धरलाय." रिपोर्ट मीच कपाटात साड्यांखाली लपवला. शेवटच्या आठवड्यात त्यांना कळलं. म्हणाल्या, "अगं, आधी सांगितलं असतंस तर एकेक रस सोडत गेले असते. धाकट्या जावेची क्षमा मागितली असती."

ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरवला, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. कोर्टाशी भांडलो आपण. पण मरण जवळ आलंय हेच जिला ठाऊक नाही, ती सल्लेखना घेणार कशी? तिची वाट घरातच अडवतो, आणि त्याला माया म्हणतो!

माझे रिपोर्ट आधी माझ्या हातात द्यायचे, हे दोन्ही सुनांना सांगून ठेवलंय. मोठी म्हणते, "आई, असं अभद्र काय बोलता!"