२ तास ३९ मिनिटे

बँकेच्या नोकरीत मिनिटांचा हिशेब मी कसोशीने पाळला. रोखपालाची खिडकी दहाला उघडायची म्हणजे दहालाच, हा माझा आग्रह असे. निवृत्तीनंतर मात्र घरातील एका यंत्राने मला वेळेच्या हिशेबाचा नवा धडा दिला.

गेल्या दिवाळीत आम्ही जुने, वरून झाकण उघडणारे वॉशिंग मशीन काढून समोरून दार असलेले घेतले. खरेदी मीच केली. क्षमता, हमीची वर्षे, सवलत आणि वीजबचतीचे तारे, सारे बारकाईने पाहिले. पहिल्याच सकाळी सूनबाईंनी सुती कपड्यांचा प्रोग्राम लावला आणि पडद्यावर आकडा उमटला : २ तास ३९ मिनिटे. जुने मशीन पाऊण तासात मोकळे होत असे.

सूनबाई दुकानाचा जमाखर्च सांभाळतात; साडेनऊला त्यांना पेढीवर असावे लागते. त्या पहाटे पाचला उठून मशीन लावू लागल्या. "एखादे बटण चुकीचे दाबले जात असेल," असे मी त्यांना दोनदा सुनावले. त्या काही बोलल्या नाहीत. एके दिवशी पाहतो तो आमच्या सौ. गुडघेदुखी विसरून मोरीत नातवाचा गणवेश घासत बसलेल्या. मशीन असताना हे कशाला, असे विचारताच त्या म्हणाल्या, "अहो, मशीनला वेळ आहे, आपल्याला कुठे आहे?"

कंपनीचा तंत्रज्ञ येऊन गेला. दोष नाही, हे असेच चालते, एवढेच त्याने सांगितले. 'असेच' म्हणजे का, हे शोधणे मला भाग होते.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने स्वच्छतेचे चार घटक मांडले : साबण, उष्णता, घासण आणि वेळ. एक घटक कमी केला, तर उरलेल्यांनी त्याची तूट भरून काढायची. हा तर शुद्ध ताळेबंद झाला. समोरून दार असलेले मशीन पाणी कमी घेते. वीज वाचवायची तर पाणी फार तापवता येत नाही, कारण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. ४० अंशांवर थांबलो, तर तेच काम पाव युनिटात भागते. पाणी व उष्णता यांत केलेली ही बचत शेवटी वेळेच्या खात्यावर नावे पडते. युरोपात मार्च २०२१ पासून जो 'इको ४०-६०' प्रोग्राम नियमाने प्रमाण ठरला, तो मोठ्या मशीनवर तीन तासांहूनही अधिक चालू शकतो. म्हणजे दीर्घ वेळ हा बिघाड नसून केलेली निवड आहे. मात्र ती निवड करताना आम्हाला कोणी विचारले नव्हते.

मग मी वही घातली. आठ दिवस प्रत्येक धुण्याची सुरुवात, शेवट आणि प्रोग्राम लिहिला. पडद्यावर २ तास ३९ मिनिटे दिसत असली, तरी प्रत्यक्षात कधी कधी तीन तास उलटत. कारणे तीन निघाली. पाणी आत येण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ साचला होता, त्यामुळे मशीन पाणी भरण्याची वाट पाहत थांबे. हाताने धुण्याची पावडर आम्ही त्यातच वापरत होतो. तिचा फेस जास्त, म्हणून खळबळण्याच्या फेऱ्या वाढत. आणि चादर एकटीच टाकली की ती गोळा होऊन तोल जाई; मशीन पिळण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करी.

जाळी धुतली, मशीनसाठीची पावडर आणली, चादरीबरोबर चार लहान कपडे टाकू लागलो. रोजचे, फारसे न मळलेले कपडे आता साध्या पाण्यात, अर्धे मशीन भरून, अर्ध्या तासाच्या प्रोग्रामवर निघतात. हा प्रोग्राम थोड्या कपड्यांसाठीच असतो. मशीन ठासून भरले तर कपडे धड निघत नाहीत, हेही आम्ही अनुभवले. टॉवेल, चादरी आणि दुकानातील मळके कपडे रविवारी दीर्घ प्रोग्रामवर जातात. तेव्हा कोणाला घाई नसते.

या स्तंभाचे अनेक वाचक व्यापारी आहेत, काहींची विद्युत उपकरणांची दालनेही आहेत. त्यांना एक नम्र सूचना. गिऱ्हाइकाला किलो, तारे आणि मासिक हप्ता आपण सांगता. त्याच दमात नेहमीचा प्रोग्राम किती वेळ चालतो, हेही सांगावे. माहितीपुस्तिकेत तो तक्ता बहुधा असतोच. कर्ज देताना आम्ही व्याजदर सांगून मुदत लपविली असती, तर ती फसवणूक ठरली असती. येथे वेळ हीच मुदत आहे, आणि ती बहुधा घरातील स्त्री फेडते. खरे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक दुसरे मशीन निवडील. पण पुढच्या खरेदीला ते आपल्याच दाराशी येईल.

आणि घरच्या कर्त्या पुरुषांना सूचना अशी की, जे यंत्र आपण चालविणार नाही, ते आपण एकट्याने विकत घेऊ नये. खरेदीच्या दिवशी सूनबाईंना बरोबर नेले असते, तर त्यांनी पहिला प्रश्न वेळेचाच विचारला असता. बटणाबद्दल दोनदा सुनावले त्याची दिलगिरी मी त्यांच्यापाशी व्यक्त केली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, आता ती वही तुमच्याकडेच राहू द्या, आणि रविवारचे मशीनही." तेव्हापासून रविवारचे धुणे माझ्याकडे आहे.